एक गाणं, अनेक घरं : ब्रायंट दाम्पत्याची गीतकारी

१९५८ साली अमेरिकेत एका तबकडीने दुर्मीळ पराक्रम केला. 'बिलबोर्ड' हे तिथल्या संगीत-व्यवसायाचं मुखपत्र. कोणती गाणी किती खपतात आणि किती वाजतात, याच्या वेगवेगळ्या याद्या ते दर आठवड्याला छापत असे. पॉपची यादी वेगळी, ग्रामीण दक्षिणेतल्या गोऱ्या लोकांच्या 'कंट्री अँड वेस्टर्न'ची वेगळी आणि काळ्या श्रोत्यांच्या 'ऱ्हिदम अँड ब्लूज'ची वेगळी. त्या साली एव्हर्ली ब्रदर्स या दोन भावांनी गायलेलं 'ऑल आय हॅव टु डू इज ड्रीम' या सगळ्या याद्यांवर एकाच वेळी पहिल्या क्रमांकावर पोचलं. दोघा भावांचे फोटो घरोघरी गेले. ज्याने ते गाणं लिहिलं, त्या बुडलो ब्रायंटचं नाव मात्र तबकडीच्या मधल्या गोल कागदावर, शीर्षकाखाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं. बुडलो आणि त्याची पत्नी फेलिस यांची चार दशकांची कारकीर्द नीट पाहिली तर एक गोष्ट पटत जाते. 'कंट्री' आणि 'पॉप' ही दुकानातल्या मांडणीची नावं आहेत. गाणं मुळात पक्कं बांधलेलं असेल तर ते कोणत्याही फळीवर उभं राहतं आणि ही बांधणी हे गीतकाराचं काम असतं. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे. त्यावर घेतले जाणारे आक्षेप मात्र हलके नाहीत, म्हणून ते एकेक करून तपासावे लागतील.

आधी दोन शब्दांचा उलगडा करायला हवा. आपल्याकडे गीतकार शब्द लिहितो आणि संगीतकार चाल लावतो. अमेरिकेतल्या ज्या परंपरेबद्दल आपण बोलतो आहोत, तिथे शब्द आणि चाल बहुधा एकाच हातून, एकाच वेळी जन्माला येतात. म्हणून या लेखात 'गीतकार' म्हणजे दोन्ही करणारा. गायक वेगळा, वाद्यमेळ रचणारा वेगळा. दुसरा शब्द 'कंट्री'. अपालाचियन डोंगरात आणि दक्षिणेतल्या शेतीच्या प्रदेशात स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या वस्तीकरांची पोवाड्यांसारखी कथागीतं, चर्चमधली भजनं आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनी आणलेला बँजो व ब्लूज यांच्या मिसळणीतून हे संगीत घडलं. तबकडी कंपन्यांनी मात्र १९२०च्या दशकातच माल दोन गठ्ठ्यांत वाटला. गोऱ्या खेडुतांसाठी 'हिलबिली' आणि काळ्या ग्राहकांसाठी 'रेस रेकॉर्ड्स'. पुढे १९४९ साली 'बिलबोर्ड'ने या विभागांना 'कंट्री अँड वेस्टर्न' आणि 'ऱ्हिदम अँड ब्लूज' अशी सभ्य नावं दिली, तरी वाटणी तीच राहिली. म्हणजे या भिंती सुरांनी बांधल्या नव्हत्या. ग्राहकाचा रंग आणि त्याचं गाव पाहून विक्रेत्यांनी त्या बांधल्या होत्या. हे लक्षात ठेवलं की १९५८च्या त्या यशाचं मोल कळतं.

ते यश ज्यांच्या वहीतून निघालं, ती दोन माणसं स्वतःच कोणत्या एका फळीवर मावणारी नव्हती. बुडलो १९२० साली जॉर्जिया राज्यातल्या शेलमन गावी जन्मला आणि मोल्ट्री या छोट्या शहरात वाढला. लहानपणापासून त्याने पाश्चात्त्य अभिजात पद्धतीने व्हायोलिनचं शिक्षण घेतलं आणि ऐन तारुण्यात, १९३७-३८च्या हंगामात, अटलांटा फिलहार्मोनिकमध्ये वाजवलं. पण पोट भरण्यासाठी तो हँक पेनीच्या रेडिओवरच्या कंट्री वाद्यवृंदात शिरला आणि तेच व्हायोलिन 'फिडल' म्हणून वाजवू लागला. वाद्य तेच होतं, श्रोता बदलल्यावर त्याचं नाव बदललं. फेलिसचं मूळ नाव मॅटिल्डा जेनेव्हीव्ह स्काडूटो. उत्तरेकडच्या मिलवॉकी शहरातल्या इटालियन कुटुंबात १९२५ साली तिचा जन्म झाला. तिथल्या श्रोडर हॉटेलात ती लिफ्ट चालवत असे आणि १९४५ साली बुडलो तिथे वाजवायला आला असता दोघांची गाठ पडली. हा चेहरा आपण लहानपणी स्वप्नात पाहिला होता, असं ती पुढे आयुष्यभर सांगत राहिली. 'फेलिस' हे नाव त्यानेच तिला दिलं. त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. सुरुवातीचे दिवस हलाखीचे होते. तो दौऱ्यांवर वाजवायला जायचा आणि ती घरी एकटी बसून कविता लिहायची. त्याने त्या कवितांना चाली लावायला सुरुवात केली आणि हळूहळू दोघं मिळून गाणी रचू लागले.

त्यांचं पहिलं मोठं यश १९४९ सालचं. 'कंट्री बॉय' हे त्यांचं गाणं लिटल जिमी डिकन्सने गायलं आणि ते कंट्रीच्या यादीत वर चढलं. १९५०मध्ये हे कुटुंब टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला राहायला गेलं. ते शहर निवडण्याला कारण होतं. 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओ कार्यक्रम १९२५पासून तिथून प्रसारित होत होता आणि १९४२ साली गायक रॉय एकफ व गीतकार फ्रेड रोझ यांनी तिथे एकफ-रोझ ही गीतप्रकाशन संस्था काढली होती. गीतप्रकाशक म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणारा, ते गायकांपर्यंत पोचवणारा आणि रॉयल्टी वसूल करणारा मध्यस्थ. आणखी एक बदल नुकताच घडला होता. गीतकारांचे हक्क वसूल करणारी 'ॲस्कॅप' ही जुनी संस्था न्यूयॉर्कच्या लेखकांना जवळची होती, खेडवळ गाण्यांना तिथे फारसा थारा नव्हता. १९३९मध्ये रेडिओ केंद्रांच्या पुढाकाराने 'बीएमआय' ही प्रतिस्पर्धी संस्था उभी राहिली आणि तिने या लेखकांना दारं उघडली. खेड्यातलं गाणं लिहिणाऱ्यालाही रेडिओवर वाजल्याचा मोबदला मिळू लागला. ही व्यवस्था नसती तर ब्रायंटसारख्यांना हा धंदा करताच आला नसता. स्वतः न गाता केवळ गाणी लिहून नॅशव्हिलमध्ये संसार चालवणाऱ्यांत ते दोघं पहिले मानले जातात.

भिंत ओलांडण्याचा रस्ताही कायद्यातच होता. अमेरिकेच्या १९०९च्या कॉपीराइट कायद्यानुसार एकदा एखादं गाणं ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलं की दुसरा कोणीही गायक ठरलेला मोबदला भरून ते गाऊ शकत असे. हा कायद्याने ठरवलेला दर एका प्रतीमागे दोन सेंट होता आणि तो १९७८पर्यंत तसाच राहिला. ही रक्कम सहसा प्रकाशक आणि गीतकार वाटून घेत. म्हणून प्रकाशकाला आणि गीतकाराला एका गाण्याचे जितके अवतार तितका फायदा. एकफ-रोझने हे ओळखलं होतं. त्यांच्याकडचं 'टेनेसी वॉल्ट्झ' १९५०मध्ये पॅटी पेजने पॉपमध्ये नेलं. हँक विल्यम्सचं 'कोल्ड, कोल्ड हार्ट' १९५१मध्ये टोनी बेनेटने तंतुवाद्यांच्या साथीवर गाऊन पॉपच्या शिखरावर पोचवलं. बुडलोने लिहिलेल्या 'हे जो'चं १९५३मध्ये असंच झालं. कार्ल स्मिथने ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं आणि त्याच साली फ्रँकी लेनच्या आवाजात ते ब्रिटनच्या पॉप यादीत अव्वल ठरलं. शब्द तेच आणि चालही तीच असताना गाण्याची ओळख दोन बाजारांत दोन प्रकारची झाली, यावरून ती ओळख गाण्याच्या आत नव्हती हे उघड होतं.

तरीही १९५३पर्यंत असं ओलांडणं दोन पावलांत व्हायचं. आधी कंट्री गायक गायचा, मग पॉप गायक ते उचलायचा. ब्रायंट दाम्पत्याने हे अंतर एका पावलावर आणलं आणि त्याला निमित्त झाले केंटकीच्या संगीतकार घराण्यातले डॉन आणि फिल एव्हर्ली. १९५७च्या वसंतात डॉन २० वर्षांचा होता, फिल १८चा. त्यांची पहिली तबकडी पडली होती. ब्रायंटकडे 'बाय बाय लव्ह' नावाचं एक गाणं होतं, जे सुमारे ३० गायकांनी नाकारल्याचं सांगितलं जातं. दोघा भावांनी ते न्यूयॉर्कच्या केडन्स कंपनीसाठी गायलं. कंट्रीच्या यादीत ते पहिलं आलं, पॉपमध्ये दुसरं. या गाण्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. प्रियकराच्या पदरी पूर्ण निराशा आहे, पण ठेका धावता आहे. कंट्रीच्या जुन्या श्रोत्याला त्यात ओळखीचं दुःख सापडलं आणि शाळकरी पोरांना पाय थिरकवणारी लय. त्यानंतरचं 'वेक अप लिटल सूझी' सिनेमा पाहता पाहता झोपी गेलेल्या आणि पहाटे घाबरून जागे झालेल्या मुलामुलीची गोष्ट सांगतं. घरी काय सांगायचं, मित्र काय म्हणतील, एवढाच त्यातला पेच. बोस्टनमधल्या रेडिओवर त्यावर बंदी आली, तरी ते पॉप आणि कंट्री दोन्ही याद्यांत पहिलं आलं. गोष्ट सांगणं ही कंट्रीची जुनी सवय आणि गोष्टीचा विषय मात्र शहरातल्या, गावातल्या कोणत्याही किशोराचा. तिशी ओलांडलेल्या या दोघांनी जुन्या घाटाच्या भांड्यात नवं दूध तापवलं होतं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. या यशाचं श्रेय गीतकाराला कसं द्यायचं? एव्हर्ली बंधूंचे दोन आवाज एकमेकांना लगटून समांतर चालत. रक्ताच्या नात्यातूनच साधावं असं ते जमलेलं होतं आणि पुढे बीटल्सनी त्याचा आदर्श ठेवला. 'बाय बाय लव्ह'च्या सुरुवातीचा गिटारचा दणकेबाज तुकडा डॉनने स्वतःच्या एका गाण्यातून आणून बसवला होता. 'ऑल आय हॅव टु डू इज ड्रीम'चा थरथरता पहिला स्वरसमूह चेट ॲटकिन्सच्या गिटारचा. हे सगळं खरं आहे आणि नाकारण्यात अर्थ नाही. एखादी तबकडी गाजते तेव्हा तिच्यात अनेकांचे हात असतात. पण गाण्याची परीक्षा एका तबकडीवर होत नाही. ती पहिला गायक, पहिला वाद्यमेळ काढून घेतल्यावर होते. रे चार्ल्सने १९६२मध्ये कंट्री गाण्यांचा प्रसिद्ध संग्रह काढला, त्याची सुरुवात 'बाय बाय लव्ह'ने केली. त्यात समांतर आवाज नाहीत, डॉनचा तो तुकडा नाही. आहे तो जॅझच्या मोठ्या ब्रास वाद्यवृंदाचा झोत आणि एका कृष्णवर्णीय गायकाचा गॉस्पेलमध्ये मुरलेला गळा. गाणं तिथेही ताठ उभं राहिलं. सायमन आणि गारफंकेल यांनी ते १९७०मध्ये आपल्या सर्वांत गाजलेल्या अल्बममध्ये घेतलं, तिथेही ते परकं वाटत नाही.

याहून स्पष्ट दाखला बुडलोच्या 'लव्ह हर्ट्स'चा. एव्हर्ली बंधूंनी १९६०च्या एका अल्बममध्ये ते गायलं, पण त्याची स्वतंत्र तबकडी निघाली नाही. १९६१मध्ये रॉय ऑर्बिसनने ते आपल्या उंच, हेलकावणाऱ्या स्वरात गायलं. ग्राम पार्सन्स आणि एमिलू हॅरिस यांनी त्याचं हळवं युगुलगीत केलं, जे पार्सन्सच्या मृत्यूनंतर १९७४मध्ये बाहेर आलं आणि कंट्री-रॉकचा मानदंड ठरलं. आणि १९७५च्या सुमारास नॅझरेथ या स्कॉटलंडच्या कर्कश हार्ड रॉक वृंदाने तेच गाणं विजेच्या गिटारींवर गाऊन अमेरिकेच्या पहिल्या दहांत नेलं. पंधरा वर्षांत चार वेगळी घराणी. हे चारही अवतार ओळीने ऐकले तर गायकी, गती, वाद्यं, ध्वनीचा आकार सगळं बदलत जातं. बदलत नाही ती चालीची चढउतार आणि साध्या, एक-दोन अक्षरी शब्दांतून उभी राहिलेली जखम. गायकाने गाण्याला आयुष्य दिलं हे मान्य, पण एकाच गाण्याला चार आयुष्यं मिळतात तेव्हा त्या गाण्यात मुळातच काही आहे हेही मान्य करावं लागतं.

दुसरा आक्षेप असा की हा शेवटी गाण्यांचा कारखाना होता. 'ऑल आय हॅव टु डू इज ड्रीम' पंधरा मिनिटांत आणि 'रॉकी टॉप' दहा मिनिटांत लिहिल्याचं ते स्वतःच सांगत. अशा घाईत कला कसली? या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या वह्यांत आहे. हिशेबाला वापरतात तशा जाड, बांधीव वह्यांमध्ये हे दोघं गाणी लिहून ठेवत. नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम आणि संग्रहालयाने २०१९ साली त्यांच्यावर प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्या वह्या लोकांनी पाहिल्या. त्यांत हजारो गाणी आहेत आणि त्यांतली बहुसंख्य कधी कोणी गायली नाहीत. पंधरा मिनिटांत उतरलेल्या एका गाण्यामागे वर्षानुवर्षांचा हा रोजचा रियाझ आहे. गवयाची एखादी तान क्षणात येते म्हणून ती क्षणात तयार झाली असं आपण म्हणत नाही, तोच न्याय इथे लावायला हवा. शिवाय लिहिलेलं गाणं कोणाच्या गळ्यात शोभेल हे ओळखणं हाही त्यांच्या कामाचा भाग होता. कलाकारांना घरी जेवायला बोलवायचं, फेलिसच्या हातचं इटालियन जेवण वाढायचं आणि मग वही उघडून गाणी ऐकवायची, ही त्यांची रीत होती. ज्याला बाजार ओळखता येतो तो कलावंत नव्हे, ही समजूत आपल्याकडेही आहे. पण नाटक मंडळीतल्या नटाचा गळा डोळ्यांपुढे ठेवून पदं रचणारे नाटककार आपण कमी प्रतीचे मानत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे, कारण तो खऱ्या नुकसानीबद्दल बोलतो. पॉपच्या मागे लागून कंट्रीने स्वतःचा गळा गमावला, असं अनेक जाणकारांचं मत आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस रॉक अँड रोलने कंट्रीचा तरुण श्रोता पळवला. तेव्हा चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी फिडल आणि स्टील गिटार मागे सारून गुळगुळीत तंतुवाद्यं आणि मागे गुणगुणणारे गायकवृंद आणले. याला 'नॅशव्हिल साउंड' म्हणतात. त्यात खडबडीतपणा गेला, गावाचा वास गेला, ही तक्रार रास्त आहे. पण तक्रार कोणाविरुद्ध आहे ते नीट पाहायला हवं. बदलला तो वाद्यमेळ. तो निर्मात्यांचा निर्णय होता. गीतकाराच्या वहीतलं गाणं फिडलवरही वाजलं असतं आणि याला प्रत्यक्ष पुरावा आहे. १९६७मध्ये टेनेसीच्या गॅटलिनबर्गमधल्या एका हॉटेलात हे दोघं वृद्धांसाठीच्या संथ, उदास गाण्यांचा संग्रह लिहीत बसले होते. फेलिस कंटाळली आणि काहीतरी चपळ लिहू या म्हणाली. त्यातून 'रॉकी टॉप' निघालं. ऑझ्बर्न ब्रदर्सनी ते बँजोच्या झपाट्यात, म्हणजे कंट्रीच्या सर्वांत कडव्या, जुन्या वळणाच्या ब्लूग्रास शैलीत गायलं. एव्हर्लींसाठी किशोरांचं पॉप लिहिणाऱ्या त्याच हातांनी डोंगरी संगीताला त्याचं एक राष्ट्रगीतच दिलं. आणि त्यातली युक्ती पाहा. शहरात अडकलेला माणूस हातून गेलेल्या डोंगरावरच्या दिवसांसाठी झुरतो आहे, पण ठेका धावतो आहे. दुःख शब्दांत आणि उल्हास लयीत, ही 'बाय बाय लव्ह'चीच बांधणी. दहा वर्षांच्या अंतराने तीच वीट एकदा पॉपच्या भिंतीत आणि एकदा ब्लूग्रासच्या भिंतीत बसली.

'रॉकी टॉप'ची पुढची हकिकत अस्सलपणाच्या प्रश्नालाही उत्तर देते. १९७०च्या दशकात टेनेसी विद्यापीठाच्या बँडने ते फुटबॉलच्या सामन्यांत वाजवायला घेतलं आणि आज हजारो प्रेक्षक ते एकसुरात गातात. १९८२ साली ते टेनेसीच्या अधिकृत राज्यगीतांपैकी एक झालं. २०१४मध्ये लेक सिटी नावाच्या गावाने आपलं नाव बदलून रॉकी टॉप असं ठेवलं. एका राज्याने ज्या गाण्यात स्वतःला ओळखलं, ते लिहिणारी दोन माणसं त्या राज्यात जन्मलेली नव्हती. त्यातली एक तर उत्तरेतल्या औद्योगिक शहरातली, इटालियन वळणाच्या घरातली मुलगी होती. मातीतलं गाणं मातीतल्याच माणसाने लिहावं लागतं, असं आपण सहज धरून चालतो. जन्माने मिळणाऱ्या अनुभवाला मोल आहेच. परंतु एखाद्या प्रदेशाची बोली, त्याचं दुखणं आणि त्याचा गर्व कान लावून ऐकणाऱ्याला ते गाणं साधू शकतं, हे ब्रायंट दाम्पत्याने दाखवलं. त्या दोघांपैकी एकाच्या कानावर अभिजात संगीताचा संस्कार होता आणि दुसरीच्या जिभेवर कवितेचा. कंट्री त्यांनी मन लावून शिकून घेतलं होतं.

अशा गीतकाराच्या वाट्याला शेवटी काय येतं, हा प्रश्न उरतो आणि तो निव्वळ पैशाचा नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एव्हर्ली बंधूंचं आपले व्यवस्थापक वेस्ली रोझ यांच्याशी बिनसलं. फ्रेड रोझ यांचे हे चिरंजीव वडिलांच्या मागे एकफ-रोझचे चालक होते आणि ब्रायंट दाम्पत्य त्याच संस्थेशी करारबद्ध होतं. परिणामी काही वर्षं या भावांना ब्रायंटची नवी गाणी मिळेनाशी झाली. ज्या जोडीने पाच वर्षांत एवढं घडवलं, ती दोघांपैकी कोणाच्याही चुकीशिवाय तुटली, कारण गाणं कोणाला द्यायचं हे ठरवण्याचं बळ प्रकाशकाकडे होतं. ब्रायंट दाम्पत्याने यातला धडा ओळखला होता. एकफ-रोझशी असलेला करार संपल्यावर गाण्यांचे हक्क त्यांच्याकडे परत आले आणि त्यांनी 'हाऊस ऑफ ब्रायंट' ही स्वतःची प्रकाशनसंस्था चालवली. पुढच्या काळात 'लव्ह हर्ट्स' किंवा 'रॉकी टॉप'च्या प्रत्येक अवताराचं उत्पन्न ज्यांनी गाणी लिहिली त्यांच्या घरी गेलं. त्यांचा मुलगा डेल पुढे बीएमआयचा प्रमुख झाला आणि असंख्य गीतकारांच्या रॉयल्टीची जबाबदारी त्याने सांभाळली. या प्रश्नाशी आपलंही नातं आहे. भारतात चित्रपटगीतांच्या कवींनी आणि संगीतकारांनी दशकानुदशकं एकरकमी मानधनावर हक्क लिहून दिले. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने रॉयल्टीतला त्यांचा वाटा त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही अशी तरतूद केली. अमेरिकेतल्या एका जोडप्याला जे करारातल्या शहाणपणाने मिळालं, ते आपल्याकडे कायद्याला द्यावं लागलं.

बुडलो १९८७ साली गेला. फेलिस २००३पर्यंत जगली. १९८६मध्ये दोघांना न्यूयॉर्कच्या साँगरायटर्स हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं आणि १९९१मध्ये नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये. पहिला सन्मान सर्व प्रकारच्या गीतलेखनाचा, दुसरा खास कंट्रीचा. दोन्ही याद्यांना ही दोन माणसं आपली वाटली, कारण त्यांनी कोणत्याही यादीसाठी लिहिलं नाही, गाणं उभं राहावं म्हणून लिहिलं. याद्यांचा उपयोग आहे. नवख्या श्रोत्याला त्या वाट दाखवतात आणि प्रत्येक परंपरेचा इतिहास जपायला मदत करतात. पण यादी हीच गाण्याची ओळख मानली की आपण गाणं ऐकणं सोडून लेबल वाचू लागतो. आकाशवाणीने आपल्याला एक चांगली सवय लावली होती. गाण्याआधी गीतकाराचं, संगीतकाराचं आणि गायकाचं नाव सांगितलं जायचं. मोबाइलवर गाणी ऐकताना पडद्यावर आता बहुधा गायकाचंच नाव झळकतं. गीतकाराचं नाव तिथेही असतं, फक्त ते उघडून पाहावं लागतं. पुढच्या वेळी एखादं गाणं मनात घर करून राहिलं, मग ते कोणत्याही भाषेतलं असो, तर तेवढी तसदी जरूर घ्या. ज्याने ते रचलं त्याचं नाव वाचा आणि त्याच नावाचं दुसरं गाणं शोधून ऐका.